पहिला गिअर उजवीकडे

आमच्या बाबांच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. बाकीच्या कामगारांच्या झाकणात गणपती असायचा, नाहीतर देवी, नाहीतर एखादी नटी. बाबांच्या झाकणात मोटार होती. तिला छप्पर नाही, बॉनेट नाही, इंजिन सगळं उघडं, मागची चाकं दांडगी आणि पुढची बारकी. उल्हासनगरच्या एका रद्दीच्या दुकानात परदेशी मासिकं यायची, त्यातलं ते पान बाबांनी लग्नाच्या आधी कधीतरी आणलं होतं.

मी ते पहिल्यांदा पाहिलं दसऱ्याला. तेव्हा आम्ही बुवापाड्यात चाळीत राहायचो आणि बाबा अंबरनाथच्या एका फॅक्टरीत टर्नर होते. वर्षातून त्या एका दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडत. मशीन धुऊनपुसून ठेवलेली, त्यांना झेंडूचे हार, पेढे, आणि आम्ही पोरं नवे कपडे घालून तेलकट जमिनीवरून पाय जपत चाललेलो. बाबांनी मला लोखंड कातायचं त्यांचं लेथ दाखवलं. मी सहा-सात वर्षांची असेन. मला लेथमध्ये काही रस नव्हता. मी टूलबॉक्सकडे बोट दाखवून विचारलं, “ही गाडी कुणाची?”

“माझी,” बाबा म्हणाले. “अजून बनवायची आहे.”

आई पदर तोंडाला लावून हसली. मी मात्र शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं की आमच्याकडे गाडी आहे. पुढची दोन वर्षं त्यावरून मला पोरी चिडवायच्या.

पुढे ती फॅक्टरी बंद पडली, बाबांनी चार गाळ्यांमध्ये लेथ चालवलं, आम्ही बदलापूरला बेलवलीत तळमजल्यावर घर घेतलं, मी डिप्लोमा करून ड्राफ्ट्समन झाले. म्हणजे मशीनच्या भागांची चित्रं कॉम्प्युटरवर काढायची, ज्यावरून दुसरीकडे कुणीतरी ते भाग बनवतं. मला वाटलं होतं बाबा खूश होतील. त्यांनी माझं पहिलं ड्रॉइंग हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, “छान आहे गं बाय. कागदावर सगळंच बसतं.”

ते एवढंच बोलले. पण मी बाबांवर गेले आहे, राग लवकर येतो आणि उशिरा जातो. हा राग वीस वर्षं टिकला. बाबा स्वतः ड्रॉइंग वाचायचे, फॅक्टरीत दुसरं काही चालायचंच नाही, पण घरचं काम असलं की कागदाला हात लावायचे नाहीत. सुतळीला गाठी मारून माप घ्यायचे. डोळे मिटून अंगठा फिरवायचे आणि “अजून दोन थाऊ घ्यायला पाहिजे” म्हणायचे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आणि घेतल्यावर ते नेमकं बसायचं, हे जास्त संतापजनक होतं.

रिटायर झाल्यावर दुसऱ्या महिन्यात त्यांनी मला फोन केला. मी तेव्हा लग्न होऊन अंबरनाथ पश्चिमेला राहत होते. म्हणाले, “रविवारी उल्हासनगरला येशील का? एक वस्तू बघायची आहे.” मला वाटलं सोफा.

ते मला घेऊन गेले एका भंगारवाल्याकडे. पांढऱ्या सदऱ्यातले म्हातारे सिंधी गृहस्थ खुर्चीत बसले होते आणि त्यांच्यासमोर एका जुन्या जीपचा सांगाडा पडला होता. नुसती चौकट, दोन धुऱ्या आणि गंज. बाजूला एका टेम्पोचं इंजिन गिअरबॉक्ससकट. बाबा त्या चौकटीभोवती तीनदा फिरले. लोखंडावर नखं वाजवून ऐकत होते, आई कलिंगड घेताना ऐकते तसं.

“साईं, ये गाडी नहीं है,” भंगारवाले म्हणाले. “गाडी की अस्थियाँ हैं. करोगे क्या इसका?”

“चलाएगा,” बाबा म्हणाले.

“कागज तो है नहीं. नंबर नहीं मिलेगा. रोड पे कैसे लाओगे?”

“रोड पे नहीं लाएगा.”

“तो चलाओगे कहाँ?”

बाबा पुन्हा चौकटीकडे वळले. त्या गृहस्थांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग उठून आत गेले आणि खिळ्याला टांगलेलं एक जुनं स्टिअरिंग घेऊन आले. मोठं, बारीक काठाचं, हस्तिदंती रंगाचं. “ये बेटी के लिए. बेचने का नहीं था, इसलिए इतने साल लटका है.” मी स्टिअरिंग मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आले. रिक्षावाला सारखा आरशात बघत होता.

आईने दारातच ते बघितलं. “घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं,” ती म्हणाली. चौकट आणि इंजिन टेम्पोतून मागून येतंय हे तिला अजून कळायचं होतं. कळल्यावर तिने त्या गाडीचं नाव सवत ठेवलं, ते शेवटपर्यंत तेच राहिलं. “सवतीकडे निघालात? मफलर घ्या,” असं ती गंभीर चेहऱ्याने म्हणायची.

सवतीला जागा दिली तात्यांनी. तात्या म्हणजे फॅक्टरीतले बाबांचे सोबती, बेलवलीतलेच, घरची भातशेती असलेले. नोकरी सुटल्यावर ते पुन्हा शेतीकडे वळले होते. त्यांचा गोठा रिकामा पडला होता. “गुरां गेली, आता तुजी गारी बांध,” ते म्हणाले, आणि गव्हाणीवर एक जुना दिवा लावून दिला. गाडीला ते शेवटपर्यंत गारीच म्हणत.

पहिल्या रविवारी मी गेले ती आईने पाठवलं म्हणून, बाबांना समजवायला. संध्याकाळी घरी परतले तेव्हा माझी नखं काळी होती आणि नवऱ्याने चहाचा कप माझ्या हातात देण्याआधी हात धुवायला लावले. त्यानंतर मी जवळजवळ चार वर्षं दर रविवारी जात राहिले.

चार वर्षं एवढ्यासाठी लागली की बाबांना घाई नव्हती. मला असायची. गंज खरवडण्यात एक उन्हाळा गेला. इंजिन पूर्ण खोललं, प्रत्येक नट रॉकेलच्या डब्यात, प्रत्येक डब्यावर खडूने खूण. पत्रा ठोकून गाडीचं नाक बनवायला आम्ही वाळूची पोती वापरली. बाबा लाकडी हातोडीने ठोकायचे आणि मी पत्रा फिरवायचे. ठोकताना ते बोलायचे. घरी कधी न बोललेल्या गोष्टी त्यांनी मला पत्र्याच्या आवाजात सांगितल्या: कोकणातून पहिल्यांदा आले तेव्हा मामाच्या खोलीत दाराशी झोपायचे, पहिल्या पगारात त्यांनी बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर घेतला आणि तो मामाला आवडला नाही, फॅक्टरी बंद झाली त्या दिवशी त्यांनी लेथ पुसून तेल लावून ठेवलं आणि वॉचमन हसला. मला आता वाटतं, मी गाडीसाठी जात नव्हतेच. पण तेव्हा विचारलं असतंत तर गाडीसाठीच म्हणाले असते.

त्यांना ती एकदा चालवायची होती. शर्यत नाही, रस्ता नाही, लोकांनी बघावं असंही नाही. त्या चित्रातल्यासारखं उघड्या इंजिनामागे बसून, स्वतः बनवलेली गाडी स्वतः चालवायची, बस. आणि मला त्यांच्या शेजारी बसायचं होतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण शेजारची सीट त्यांनी न सांगताच बनवली होती.

घोटाळा त्या सीटांमुळेच झाला. अशा गाडीत माणूस मागे, जवळजवळ मागच्या चाकांवर बसतो. सीट मागे घेतल्यावर गिअरचा दांडा बाबांच्या हाताला येईना. म्हणजे दांडाही मागे आणायचा आणि मधे काहीतरी जोड द्यायचा, जो दांड्याची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोचवेल. त्यात मुख्य होता एक वाकडा लोखंडी तुकडा, हाताच्या कोपरासारखा. आम्ही त्याला कोपरच म्हणायचो. बाबांनी सुतळी काढली. आणि माझा वीस वर्षांचा राग बाहेर आला.

“हा एक पार्ट माझ्या ड्रॉइंगवर करा,” मी म्हटलं. “आयुष्यभर बाहेरच्यांच्या ड्रॉइंगवर केलंत. मुलीच्या कागदाला काय काटे आलेत?”

मला वाटलं ते काहीतरी चिमटा काढतील. त्यांनी सुतळीची गुंडाळी केली आणि खिशात टाकली. “दे,” ते म्हणाले.

मी ते ड्रॉइंग तीन संध्याकाळ काढत होते. ऑफिसात एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाचं एवढं मन लावून काढलं नसेल. इथे थोडं समजावून सांगायला हवं. ड्रॉइंगमध्ये वस्तू समोरून कशी दिसते ते मधोमध काढतात आणि बाजूने कशी दिसते ते शेजारी. पण डाव्या बाजूने दिसणारं चित्र कागदावर डावीकडे काढायचं की उजवीकडे, याच्या दोन रीती आहेत. बाबांच्या जुन्या फॅक्टरीत डाव्या बाजूचं चित्र उजवीकडे काढत. आमच्या ऑफिसात परदेशी गिऱ्हाइकं, त्यामुळे डावीकडचं डावीकडेच. एका रीतीचं ड्रॉइंग दुसऱ्या रीतीने वाचलं की वस्तू आरशातल्यासारखी उलटी बनते. म्हणून कोपऱ्यात एक छोटी खूण असते, कुठली रीत आहे ते सांगणारी.

मी विचार केला, बाबांनी सगळी हयात त्यांच्या रीतीत घालवली. आपण वाकावं. मी ते ड्रॉइंग त्यांच्या जुन्या रीतीने काढलं, आणि खूण पुसून टाकली. म्हटलं, यांना काय खूण दाखवायची, हे तर त्यांचंच घर.

बाबांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. घडी घातली नाही, गुंडाळून काखेत धरून नेला.

त्या आठवड्यात आईचा फोन आला. “तुझ्या बापाला म्हातारचळ लागलाय. कपड्यांचा नवा साबण सुरीने कोरत बसलेत. विचारलं तर म्हणतात, तुला काय करायचंय. अगं, मला कपडे धुवायचेत!” मी हसून दुसरा साबण आणायला सांगितलं आणि विसरून गेले.

कोपर बनायला तीन आठवडे लागले. अंबरनाथच्या एका ओळखीच्या गाळ्यात सुट्टीच्या दिवशी बाबांना मशीन वापरू देत. घासून, पॉलिश करून त्यांनी तो आणला तेव्हा रुमालात गुंडाळला होता. मी मापं घेतली. एक थाऊचाही फरक नव्हता. मला इतका आनंद झाला की मी मापांपलीकडे काही बघितलंच नाही. रोज आठ तास हेच काम करणारी बाई मी.

बसवला. डिझेल भरलं. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं, आणि गोठ्यात चार वर्षांची धूळ आढ्यावरून खाली आली. बाबा सीटवर बसले, क्लच दाबला, दांडा डावीकडे वर नेला, जिथे कुठल्याही गाडीचा पहिला गिअर असतो, आणि पाय सोडला. गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. पुन्हा तेच. दारात उभे असलेले तात्या म्हणाले, “नाचता येईना, आंगण वाकरं.”

तिसऱ्या वेळी बाबा थांबले. मग दांडा उजवीकडे वर नेला, आणि गाडी अगदी हळू, समजूतदारपणे वीतभर पुढे सरकली. त्यांनी ब्रेक लावला, इंजिन बंद केलं.

आम्हाला दोघांनाही एकाच क्षणी कळलं.

“तुम्ही उलटं वाचलंत,” मी म्हटलं.

“तू उलटं काढलंस.”

“मी? मी मुद्दाम तुमच्या रीतीने काढलं! तुमच्यासाठी! आमच्या ऑफिसात कुणी काढत नाही तसं!” माझा आवाज तात्यांच्या घरापर्यंत गेला असणार.

बाबा उतरले. टूलबॉक्स उघडला, वरचा ट्रे बाजूला केला आणि तळातून एक पिवळा तुकडा काढून माझ्या हातात दिला. कपड्यांचा साबण होता. त्यात कोपर कोरलेला, उलटा, अगदी नेमका.

“गाळ्यातल्या मालकाला विचारून आलो होतो,” ते म्हणाले. “हल्लीच्या ऑफिसांत कशी काढतात म्हणून. आपल्याला सवय नाही, चुकेल, म्हणून आधी साबणात करून बघितला. तुझं ड्रॉइंग तुझ्या रीतीने वाचायला पाहिजे ना.”

वीस वर्षं ज्या माणसाने आपलं काम कागदावरचं म्हणून बाजूला सारलं असं मी समजत होते, तो माणूस माझी रीत शिकण्यासाठी साबण कोरत बसला होता. मी रडले. मग तात्यांना काय झालं ते कळेना, म्हणून बाबा त्यांना समजवायला लागले, आणि समजवता समजवता त्यांनाच हसू फुटलं. मग आम्ही तिघंही हसलो. घरी आईला सांगितलं तर ती पोळी लाटायची थांबलीही नाही. “दोघंही अतिशहाणी. एकमेकांना एकदा विचारलं असतं तर जीभ झिजली असती का?”

“पुढच्या सुट्टीला दुसरा करतो,” बाबा म्हणाले. मीही हो म्हटलं.

पुढची सुट्टी यायच्या आधीच एका सकाळी त्यांच्या डाव्या हातातून चहाचा कप पडला, आणि तो उचलायला हात गेलाच नाही.

दवाखान्याचे दिवस मी लिहीत नाही. पाय बराचसा परत आला, थोडा ओढत चालायचे. बोलणं परत आलं. डावा हात आला नाही. व्यायाम, तेल, चेंडू दाबणं, सगळं झालं. हात मांडीवर पडून राहायचा आणि बाबा त्याच्याकडे बघायचेही नाहीत.

गोठ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. रविवारी मी जायचे तेव्हा ते गॅलरीत बसलेले असायचे. आई म्हणायची, “सवतीकडे नाही जायचं?” आणि ते कूस बदलल्यासारखे तोंड फिरवायचे. मला त्या हाताची एवढी भीती वाटली नाही जेवढी त्या गप्प बसण्याची वाटली. गाडी तयार होती. चालवणारा बसून होता. आणि त्यांचे दोन्ही हात ज्यावर शेवटचे चालले तो तुकडा माझ्यामुळे उलटा झाला होता, हे माझ्या डोक्यातून जाईना.

मी परस्पर नवा कोपर करून घ्यायचं ठरवलं. खुणेसकट ड्रॉइंग काढलं. हल्ली असं काम कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर दोन तासांत होतं. बाबांना सांगितलं तर महिनाभरानंतर पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. “दुसऱ्याच्या हातचा नको! आहे तो राहू दे.”

“मग उलट्या गिअरची गाडी चालवणार कोण?”

“कुणी नाही. मला कुठे हात आहे?”

मला राग आला. आजारी माणसावर रागवू नये असं म्हणतात, पण मी रागावले. “गिअर मी टाकते,” मी म्हटलं. “तुम्ही स्टिअरिंग धरा, पायाचं तुम्ही बघा. गिअर मधेच आहे, माझा उजवा हात पोचतो.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “तुला गाडी चालवता येते?”

“नाही.”

“कधीच नाही शिकलीस?”

“नाही ना.”

“मग बरं,” ते म्हणाले. “सरळ शिकलेली असतीस तर हे उलटं जमलं नसतं.”

शिकवणी बेलवलीच्या घरी, हॉलमध्ये झाली. बाबा दिवाणावर, त्यांच्या डावीकडे मी, मधे आईचं लाटणं उभं धरून. बाबांचा डावा पाय जमिनीवर दाबला जायचा. “पाय खाली गेल्याशिवाय हात हलवायचा नाही. आणि मी टाक म्हटल्याशिवाय तर नाहीच.” पहिला उजवीकडे वर. दुसरा उजवीकडे खाली. तिसरा डावीकडे वर. चौथा डावीकडे खाली. मी त्यांच्या गुडघ्याकडे बघायला शिकले. गुडघा खाली जायचा, ते म्हणायचे “टाक”, आणि माझा हात जायचा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “तुमचा चौथा झाला असेल तर लाटणं द्या, पोळ्या राहिल्यात.” बाबा पुन्हा वाद घालू लागले, जेवणात मीठ कमी म्हणू लागले. आईने एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, “लाटणं घेऊनच जा पाहिजे तर. मी दुसरं आणते.”

भाताची कापणी झाल्यावर, थंडीत, एका रविवारी सकाळी आम्ही गाडी बाहेर काढली. गोठ्यापासून नदीकडे तात्यांच्या शेतातून बैलगाडीची जुनी वाट जाते, दोन्ही बाजूंना वाल लावलेले. रस्ता कुठे लागत नाही, जमीन सगळी त्यांची. आईने नारळ फोडला. सवतीला हळदकुंकू लावताना तिचे डोळे भरले होते, पण तोंडाने ती म्हणाली, “सांभाळून गं बाई, माझा एकच नवरा आहे.” चारी चाकांखाली लिंबं ठेवली.

बाबांनी त्या हस्तिदंती स्टिअरिंगवर उजवा हात ठेवला. गुडघा खाली गेला.

“टाक.”

उजवीकडे वर. चाकांखाली लिंबं फुटल्याचा आवाज आला आणि आम्ही निघालो. इंजिन समोर उघडं धडधडत होतं, त्याची गरम हवा तोंडावर येत होती आणि वरून थंड हवा. “टाक.” दुसरा. तात्या धोतर सावरत मागे पळत येत होते, मग राहिले. वालाच्या शेतातल्या दोन बायका खुरपं टाकून उभ्या राहिल्या. बाबा समोर बघत होते, ओठ घट्ट मिटलेले, दसऱ्याला लेथला हार घालताना असायचे तसे. “टाक.” तिसरा, डावीकडे वर. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. लग्नात नाही, पहिल्या पगाराला नाही.

नदीच्या अलीकडे वाट संपते. बाबांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. पाण्याचा आवाज येऊ लागला. ते म्हणाले, “चौथा राहिला.”

“वाट संपली, बाबा.”

“हो. चौथ्याला लांब वाट लागते.” त्यांनी मागे वळून शेताकडे बघितलं. “तात्याला सांगतो. मधला बांध काढला तर पुढच्या वर्षी पलीकडच्या शेतापर्यंत जाईल. तेव्हा टाकू.”

मग त्यांनी उजव्या हाताने माझा हात दांड्यावरून उचलला आणि तळवा वर करून बघितला. फोड आला होता. “कागदावर सगळंच बसतं म्हणालो होतो ना मी,” ते म्हणाले. “तुझं हातातही बसतं गं बाय.” आणि हात परत दांड्यावर ठेवला. आम्ही गाडी वळवली.

त्या थंडीत आम्ही सात-आठ रविवार गेलो. तिसऱ्याच्या पुढे वाट पुरली नाही. तात्या बांध काढायला तयार होते, भात झाल्यावर काढू म्हणाले. भात पोटरीत आलं होतं तेव्हा बाबा गेले. झोपेतच गेले, सगळे म्हणतात चांगलं मरण. मला ते वाक्य अजून सहन होत नाही.

गाडी गोठ्यातच आहे, ताडपत्रीखाली. तात्यांची कोंबडी सीटवर अंडी घालते. मधे एक हौशी गृहस्थ आले होते, जुन्या गाड्या जमवणारे. सगळं फिरून बघितलं, कौतुक केलं, सीटवर बसले, इंजिन सुरू केलं आणि दांडा डावीकडे वर नेला. गाडी हिसका देऊन बंद पडली. “अहो, याचे गिअर उलटे आहेत,” ते म्हणाले. “कुणीतरी चूक केली आहे. हे आधी बदलून घ्यावं लागेल.” मी त्यांना चहा दिला आणि गाडी द्यायची नाही असं सांगितलं. तात्या म्हणाले, “बरां केलास.”

गेल्या वर्षी नवऱ्याने गाडी घेतली. तो बिनगिअरची घेणार होता, हल्ली सगळे तीच घेतात. मी भांडून गिअरची घ्यायला लावली. कारण सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. मी अजूनही गाडी चालवायला शिकलेले नाही आणि शिकणारही नाही. मी त्याच्या डावीकडे बसते. आम्ही कर्जतच्या रस्त्याला लागतो, त्याचा गुडघा खाली जातो, आणि माझा उजवा हात मांडीवरून उठतो. पहिल्याला उजवीकडे वर. दुसऱ्याला उजवीकडे खाली. तिसऱ्याला डावीकडे वर. नवरा बघतो. मग रस्ता मोकळा होतो, लांब, सरळ. त्याचा गुडघा पुन्हा खाली जातो. चौथ्यासाठी माझा हात खाली निघतो आणि वाटेतच थांबतो. बाबांनी अजून “टाक” म्हटलेलं नसतं.